टायरमधला स्क्रू आणि उरलेली नक्षी: ठाणे-नवी मुंबईत नव्याने गाडी घेतलेल्यांसाठी पंक्चरची ए-टू-झेड माहिती

माझ्या गाडीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात गोळ्यांच्या जुन्या डबीत दोन स्क्रू ठेवलेत. दोन्ही सारखेच, अर्ध्या इंचाचे, पत्र्याला मारतात तसले, डोकं रस्त्यावर घासून घासून चपटं आणि चकचकीत झालेलं. पहिला जुन्या टायरमधून निघाला, त्याने मला विटाव्याच्या अलीकडे भर पावसात सकाळी साडेनऊला रस्त्याच्या कडेला उभं केलं होतं. दुसरा टायर बदलल्यावर चारेक महिन्यांनी सापडला, किती दिवस आत होता देव जाणे, हवा अजिबात उतरलेली नव्हती, रविवारी टायरवरून हात फिरवताना बोटाला लागला म्हणून कळलं. पक्कडीने ओढला, साबणाचं पाणी मारलं, एक बुडबुडा नाही.

रस्ता तोच, स्क्रू तसलाच, चालवणारा मीच. जुन्या टायरची नक्षी जेमतेम दोन मिलीमीटर उरली होती आणि नव्याची सातच्या वर होती, एवढाच फरक.

कासारवडवलीहून महापेला रोज जाणं-येणं, आधी स्कूटर, नंतर सेकंड हॅन्ड कार. पहिल्या पावसाळ्यात चार पंक्चर झाले आणि प्रत्येक वेळी मी काहीतरी नवीन चूक केली. तुम्ही त्या सगळ्या परत करायची गरज नाही म्हणून हे लिहितोय.

१. नक्षी म्हणजे काय आणि पंक्चरशी तिचा संबंध काय

टायरवर जे ठोकळे आणि मधे खाचा दिसतात ती नक्षी. कारच्या नवीन टायरला खाच साधारण ७-८ मिलीमीटर खोल असते, स्कूटरला त्याहून कमी. खाचेच्या खाली आणखी थोडं रबर, मग स्टीलच्या तारांचे पट्टे, आणि ट्यूबलेस असेल तर सगळ्यात आत हवा धरून ठेवणारा पातळ थर. स्क्रू ठोकळ्यात घुसला तर त्याला हे सगळं पार करून आतल्या थरापर्यंत पोचावं लागतं. टायर नवा असेल तर छोटा स्क्रू वाटेतच संपतो. झिजलेल्या टायरमध्ये तोच स्क्रू आरामात आत जातो, कारण मधलं सहा मिलीमीटर रबर तुम्ही आधीच रस्त्याला देऊन बसलेले असता.

पावसात हे जास्त होतं. ओलं रबर कापायला सोपं असतं, पाणी वंगणासारखं काम करतं. पंक्चरवाल्याला विचारा, टायर कापायचा असला की तो आधी ब्लेडला पाणी लावतो. शिवाय पाण्याबरोबर कडेचा सगळा कचरा वाहत मधे येतो आणि डबक्याखाली काय आहे ते दिसत नाही.

आता उगाच आशा नको म्हणून सांगतो, दोन इंची खिळा सरळ उभा घुसला तर कालच घेतलेला टायरही पंक्चर होणार. खाचेच्या तळाशी घुसला तरी होणार, तिथे रबर कमीच असतं. पण रस्त्यावर पडलेल्या मालातला बराचसा बारीक असतो: स्क्रू, चुका (बारीक खिळे), तारेचे तुकडे, लेथची बरी (लेथवर निघणारे धातूचे धारदार तुकडे). त्यांच्याशी झगडा जाडीवरच ठरतो.

२. नक्षी मोजा, दोन मिनिटांचं काम आहे

खाचांमध्ये नीट बघितलं तर मधे मधे रबराचे छोटे आडवे बांध दिसतील. टायरच्या कडेला त्रिकोण किंवा टीडब्ल्यूआय अशी खूण असते, तिथून सरळ रेषेत खाचेत बघा, सापडतो. नक्षी झिजून त्या बांधाच्या लेव्हलला आली की टायर संपला. कारसाठी कायद्याने किमान १.६ मिलीमीटर लागते, दुचाकी-तीनचाकीला ०.८.

पण कायद्याची मर्यादा म्हणजे अगदी शेवटची रेघ. मी स्वतः कारला ३ मिलीमीटरवर आलो की टायरसाठी पैसे बाजूला काढायला लागतो आणि शक्यतो मे महिन्यातच बदलून टाकतो, कारण १.८ वाला टायर जूनमध्ये घोडबंदर रोडवर घेऊन जाणं म्हणजे फाटकी छत्री घेऊन निघण्यासारखं आहे, छत्री आहे म्हणायला आहे.

नक्षी मोजायचा छोटा गेज मिळतो, स्वस्त असतो, एक घेऊन ठेवा. नसेल तर माचीसची काडी खाचेत आडवी ठेवा. काडी साधारण दोन मिलीमीटर जाड असते, ती ठोकळ्यांच्या वर डोकावत असेल तर टायरवाल्याकडे जायची वेळ झाली. एकाच जागी मोजू नका. आतली कड, मध्य, बाहेरची कड, तिन्हीकडे मोजा. आतली कड बघायला स्टेअरिंग पूर्ण वळवून ठेवा. माझी आतलीच कड गेली होती, बाहेरून टायर मस्त दिसायचा, आणि मी सगळ्यांना सांगत फिरायचो की अजून वर्षभर जाईल.

३. झीज कुठे आहे ते बघा, कारण कळतं

मधोमध जास्त झिजलाय म्हणजे हवा जास्त ठेवताय. दोन्ही कडा झिजल्यात म्हणजे हवा कमी. एकच कड गेलीय तर अलाइनमेंट (चाकं सरळ रेषेत असणं) गेलीय, खड्ड्यात दणकन आदळलं की बिघडतेच. मधे मधे चढउतार लागतायत, हात फिरवला की लाटांसारखं वाटतं, तर शॉकॲब्सॉर्बर किंवा बॅलन्सिंग बघायला सांगा. नुसता टायर बदलून कारण तसंच ठेवलं तर नवा टायरही त्याच जागी झिजणार आणि त्याच जागी पंक्चर होणार.

आता सगळे हॅचबॅकवाले ऐका, आपल्या बहुतेक गाड्यांना पुढच्या चाकांना ताकद असते म्हणून पुढचे टायर आधी जातात. साधारण ८-१० हजार किलोमीटरला पुढचे मागे आणि मागचे पुढे करून घ्या.

वयही बघा. टायरच्या कडेला डीओटीने सुरू होणारा लांब नंबर असतो, त्याचे शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष. २३१९ असेल तर २०१९ सालचा तेविसावा आठवडा. हा पूर्ण नंबर बऱ्याचदा एकाच बाजूला असतो, बाहेर दिसला नाही तर आतल्या बाजूला बघा. पाच वर्षं झाली की दरवर्षी नीट तपासून घ्यायचा, नक्षी असली तरी रबर कडक होतं, भेगा पडतात. सेकंड हॅन्ड गाडी घेताना तर हे पहिलं बघा. माझ्या गाडीची स्टेपनी एकदाही वापरलेली नव्हती, अगदी नवी कोरी दिसत होती, आकडे बघितले तर नऊ वर्षांची निघाली.

४. हवा

पंक्चरच्या लेखात हवा कशाला, असं वाटेल. कमी हवेचा टायर जास्त चपटा होतो, रस्त्याला जास्त चिकटतो, गरम होतो, कडा झिजतात. आणि मुख्य म्हणजे हवा मोजायची सवय असेल तरच हळू गळणारा पंक्चर वेळेत सापडतो. तीन टायर ३२ आणि एक २६ दाखवतोय तर त्या एकात काहीतरी घुसलंय, नाहीतर वॉल्व्ह गळतोय.

आकडा कंपनीने दिलेला वापरा. कारमध्ये ड्रायव्हरचा दरवाजा उघडला की चौकटीवर स्टिकर असतो, स्कूटरला मॅन्युअलमध्ये बघा. टायरच्या कडेवर छापलेला मोठा आकडा जास्तीत जास्त मर्यादेचा असतो, तेवढी भरू नका. मोजायची सकाळी, गाडी थंड असताना. नायट्रोजनचा आग्रह मी धरत नाही, साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन आहे.

५. आपल्याकडे कुठे जपायचं

एमआयडीसीच्या आतल्या रस्त्यांवर, म्हणजे वागळे इस्टेट, रबाळे, महापे, तळोजा, तिथे गाळ्यांच्या दारासमोर लेथची बरी आणि स्क्रू पडलेले असतात, वळणावर टेम्पोतून सांडलेलेही असतात. कळंबोलीला स्टील मार्केटच्या बाजूला पत्रा-सळ्यांची ट्रक वाहतूक, तिथे पट्ट्यांचे तुकडे. घोडबंदर रोडला जिथे जिथे बांधकाम आणि बॅरिकेड आहेत तिथे बाइंडिंग वायरचे तुकडे. ही वायर पातळ असते, भोक इतकं बारीक पडतं की दोन दिवसांनी टायर बसलेला दिसतो आणि आपण सोसायटीतल्या पोरांवर संशय घेतो. तुर्भ्याला एपीएमसीकडे पेट्यांचे खिळे. गायमुखच्या घाटात आणि खड्डे भरून घेतलेल्या प्रत्येक ठिकाणी खडी.

खडी एकदम पंक्चर करत नाही. खाचेत अडकते आणि चाक फिरेल तशी आत आत दाबत जाते. इथे मात्र नव्या टायरचीच खाच खोल असल्यामुळे खडी जास्त अडकते, म्हणून महिन्यातून एकदा जुन्या किल्लीने काढून टाका. स्क्रूड्रायव्हरने काढाल तर हळू, मी एकदा जोर लावून स्वतःच टायरला टोचलंय.

चालवताना लक्षात ठेवायचं एकच: गाड्यांची चाकं ज्या पट्ट्यातून जातात तो पट्टा आपोआप झाडला जातो, कचरा डावीकडच्या कडेला आणि डिव्हायडरला लागून साचतो. फ्लायओव्हरच्या कडेला तर फारच. ट्रॅफिक जाम झाला की आपण स्कूटरवाले नेमके त्याच कडेने घुसतो, माझे चारपैकी दोन पंक्चर तिथलेच असणार. पुढच्या कारच्या चाकाच्या रेषेत राहा, पण अंतर ठेवून, नाहीतर तिच्याखालून आलेली वस्तू दिसेपर्यंत आपलं चाक त्या वस्तूवर गेलेलं असतं.

आणि पंक्चर जास्त करून मागचंच चाक होतं. आडवा पडलेला खिळा पुढच्या चाकाने उडतो, उभा होतो, आणि मागचं चाक त्यावर जातं.

६. पंक्चर झाला, पहिली पाच मिनिटं

स्कूटर मागून डुलायला लागली की मागचा, हँडल जड झालं की पुढचा. कार एका बाजूला ओढते, फटफट आवाज येतो. जोरात ब्रेक मारू नका, ॲक्सिलरेटर सोडा, इंडिकेटर द्या, हळूहळू डावीकडे या. कळवा ब्रिजवर किंवा फ्लायओव्हरच्या मधे असाल तर हॅझर्ड लावून अगदी सावकाश खाली उतरा, रिम खराब झाली तरी चालेल, पुलावर चाक बदलत बसू नका. इतर ठिकाणी मात्र बसलेल्या टायरवर गाडी चालवायची नाही. "पुढे दोन मिनिटांवर पंक्चरवाला आहे" म्हणून मी महापे ते कोपरखैरणे गेलो, पंक्चर एका स्क्रूचा होता पण टायर काढला तर आतून काळी भुकटी सांडली. ती भुकटी म्हणजे टायरची बाजू आतून चिरडली गेली. टायर फेकावा लागला.

ट्यूबलेसमध्ये खिळा दिसतोय आणि हवा थोडी आहे तर तो खिळा उपटू नका. बूच तोच आहे. हवा भरा आणि जवळच्या पंक्चरवाल्याकडे सावकाश जा.

राष्ट्रीय महामार्गावर अडकलात तर १०३३, कुठेही जिवाला धोका वाटला तर ११२.

७. गाडीत काय हवं

- चांगल्या स्थितीतली स्टेपनी, तिचीही हवा महिन्यातून एकदा मोजलेली
- जॅक, पाना, आणि अलॉयला लॉकनट असेल तर त्याची चावी (ही हरवलेली असणाऱ्यांची संख्या खूप आहे, आत्ताच जाऊन बघा)
- प्लायवूडचा वीतभर तुकडा, पावसात मातीत जॅक रुततो
- रिफ्लेक्टर त्रिकोण, टॉर्च, जुने हातमोजे, खडू
- १२ व्होल्टचा हवा भरायचा पंप आणि प्रेशर गेज
- स्ट्रिपचं किट (भोक बाहेरून बुजवायच्या चिकट पट्ट्या, टोच्या आणि सुई) आणि पक्कड
- साबणाच्या पाण्याची फवाऱ्याची बाटली

स्कूटरवाल्यांना शेवटच्या तीन गोष्टी पुरतात, पंप मात्र चार्जिंगचा घ्या. काही नव्या कारमध्ये स्टेपनी नसतेच, ट्यूबलेस टायर, प्रेशर दाखवणारी सिस्टिम आणि रिपेअर किट दिलं असेल तर २०२० पासून नियमाने ते चालतं. तुमची तशी असेल तर किट वापरायचं प्रात्यक्षिक शोरूममध्येच करून घ्या.

८. स्टेपनी लावताना

हँडब्रेक, गिअर, बदलायच्या चाकाच्या तिरप्या समोरच्या चाकाला दगड, त्रिकोण मागे पन्नासेक मीटरवर. नट गाडी उचलायच्या आधी अर्धा फेरा सैल करायचे, उचलल्यावर चाकच फिरतं. जॅक मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या खाचेतच. काढलेलं चाक गाडीखाली आडवं सरकवा, जॅक घसरला तर गाडी त्यावर बसेल. नट आमनेसामने असे घट्ट करा, गोल फिरत नाही. पावसाळ्यात गंजाने चाक हबला चिकटलेलं असतं, बाजूने टाचेने लाथ मारली की सुटतं, मी पंधरा मिनिटं हाताने ओढत होतो आणि मग एका रिक्षावाल्या काकांनी येऊन एका लाथेत काढलं. स्टेपनी बारीक असेल तर तिच्यावर वेग लिहिलेला असतो, बहुतेक वेळा ८०, तो पाळा.

९. पंक्चरवाल्याकडे: इथे सगळ्यात जास्त फसतात

बरेचसे पंक्चरवाले चोख काम करतात, माझा नेहमीचा आहे त्याच्याकडे मी गाडी सोडून चहाला जातो. पण अनोळखी ठिकाणी जाऊ नका चहाला. एका हायवेच्या कडेला मी फोनवर बोलत पाच पावलं लांब गेलो आणि परत आलो तर एकाचे पाच पंक्चर झाले होते. टोच्याने टोचून भोकं वाढवतात. भोकाभोवतीचं रबर ताजं, स्वच्छ, काळंभोर दिसत असेल आणि आत काही अडकलेलं नसेल तर समजून जा.

म्हणून क्रम असा:

पहिलं, घुसलेली वस्तू दिसली की तिथे खडूने गोल करा आणि फोटो काढा. दुसरं, "दादा, काही काढायच्या आधी पूर्ण टायरला पाणी मारा" असं सांगा. बुडबुडे आपण स्वतः मोजायचे, वॉल्व्ह आणि रिमच्या कडेलाही बघायचे. तिसरं, रेट एका साध्या पंक्चरचा किती आणि मशरूमचा (आतून बसवायचा पॅच, पुढे सांगतो) किती ते आधी विचारायचं. चौथं, काढलेला खिळा हातात मागायचा. किती लांब आहे ते बघा, नक्षीबद्दल त्यातून कळतं.

काम झाल्यावर परत पाणी मारून बघायला लावा. सीलंटची (भोक आतून आपोआप बुजवणाऱ्या चिकट द्रवाची) बाटली टायरमध्ये ओतलेली असेल तर आधीच सांगा, नाहीतर टायर उघडल्यावर तो चिकट राडा बघून जे ऐकायला मिळेल ते बरोबरच असेल.

१०. स्ट्रिप, मशरूम की नवा टायर

स्ट्रिप बाहेरूनच भरतात, टायर काढायला लागत नाही. रस्त्यावर भागवायला ठीक आहे आणि छोट्या भोकाला बरेच दिवस टिकतेही. मशरूममध्ये टायर उतरवून आतून पॅच बसतो, दांडा भोकातून बाहेर येतो, आतली बाजूही बघून होते. कारला मी मशरूमच करतो, घाईत स्ट्रिप मारली असेल तरी रविवारी जाऊन करून घेतो.

स्वतः स्ट्रिप भरणार असाल तर खिळा ज्या कोनात आहे त्याच कोनात टोच्या घाला, चार-पाच वेळा आतबाहेर करा, स्ट्रिप सुईत अर्ध्यावर ओवून सोल्युशन लावा, बाहेर एक सेंटीमीटर टोकं राहतील एवढी दाबा आणि सुई झटक्यात ओढा. हवा भरा, साबणाचं पाणी मारा, मग जास्तीचं कापा, पण अगदी रबराला लागून नाही.

आणि इथे परत नक्षी आलीच. स्ट्रिपला धरून ठेवतं ते आजूबाजूचं रबर. टकल्या टायरमध्ये धरायलाच काही नसतं, म्हणून तीच स्ट्रिप महिन्यात सुटते आणि आपण पंक्चरवाल्याला शिव्या देतो.

पंक्चर काढायचाच नाही, टायर बदलायचा, अशा वेळा: भोक टायरच्या बाजूला किंवा खांद्यावर (नक्षी संपून बाजू सुरू होते तिथे) आहे, भोक सहा मिलीमीटरपेक्षा मोठं आहे, बाजूला फुगा आलाय, तारा दिसतायत, आतून भुकटी निघतेय, किंवा बांधाच्या लेव्हलला आलाच आहे. बाजूला स्ट्रिप मारून "काही होत नाही साहेब" म्हणणारे भेटतील. ती बाजू प्रत्येक फेऱ्याला वाकते, तिथे स्ट्रिप राहत नाही. दोनच नवे घेणार असाल तर ते मागच्या चाकांना लावा, गाडी पुढून चालणारी असली तरी. ओल्या रस्त्यावर मागचं सुटलं तर आपल्यासारख्याला सावरत नाही.

११. कागद आणि पैसे

टायर घेताना पक्कं बिल घ्या, त्यावर टायरचे सीरियल नंबर लिहून घ्या, वॉरंटीसाठी ते लागतात. वॉरंटी कारखान्यातल्या दोषाची असते, खिळा-काच-खड्डा त्यात धरत नाहीत. नव्या म्हणून दिलेल्या टायरची तारीख दुकानातच वाचा, बसवल्यावर नाही.

इन्शुरन्सचं म्हणाल तर नुसत्या पंक्चरला साधी पॉलिसी काही देत नाही. गाडीचंही त्याच वेळी नुकसान झालं असेल तर टायरच्या किमतीच्या ५० टक्क्यांपर्यंत मिळतं. टायर कव्हर वेगळं घ्यावं लागतं, त्यात पंक्चर काढायचा खर्च बसतो का आणि किती नक्षी उरलेली असली पाहिजे हे घेण्याआधी वाचा. रोडसाइड असिस्टन्स मात्र घ्याच, आणि तिचा नंबर आणि पॉलिसी नंबर फोनमध्ये सेव्ह करून ठेवा, त्या विटाव्याच्या सकाळी माझ्याकडे असिस्टन्स होती, नंबर घरी फायलीत होता.